बांबोळीक न्हेला

आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कुणाच्या आजारपणाची गोष्ट सांगताना रोगाचं नाव क्वचितच आठवतं. आठवतं ते कुठं नेलं होतं ते. पणजोबांच्या काळात वेंगुर्ल्याला, नाहीतर घाट चढवून मिरजेला. आजोबांच्या काळात बोटीनं मुंबईला, परळच्या केईएममध्ये. वडिलांच्या पिढीपासून मात्र सगळे बांबोळीला. आमचं गाव कुडाळ तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. आणि मोठा डॉक्टर गोव्यात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

आजी सांगायची ती तिच्या थोरल्या दिरांची गोष्ट. ऐन आषाढात त्यांचा अंतर्गळ अडकला. पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद, त्यामुळे मुंबईचा विचारच नको. बैलगाडी निघाली, पण वाटेतला व्हाळ दुथडी भरून वाहत होता. मग घरातल्या लाकडी खुर्चीला बांबू बांधले आणि चौघांनी ती खांद्यावर घेतली. मागून एक जण इरलं धरून चालत होता. पुरुष माणूस असा खुर्चीत बसून ओरडतोय याचीच सासूला जास्त लाज वाटली, असं आजी हसत हसत सांगायची. वेंगुर्ल्याच्या मिशन दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली आणि दीर पुढं नातवंडं पाहून गेले. गावात त्यावर दोन तट पडले. मिशनचं पाणी प्यायला म्हणून काही घरांनी काही दिवस त्यांना पंगतीत दूर बसवलं. पण त्याच घरांतली माणसं पुढं तिथंच पोट दाखवायला गेली.

वेंगुर्ल्याचा तो दवाखाना अमेरिकी प्रेस्बिटेरियन मिशनचा. मिरजेला विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय उभारलं तेही त्याच मिशनचं. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होता, हे लपवायचं कारण नाही. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. वेंगुर्ल्याचे डॉ. रॉबर्ट गोहीन यांचा मुलगा 1919 मध्ये वेंगुर्ल्यातच जन्मला. तो पुढं प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि 1977 मध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतात परतला. वेंगुर्ल्यातल्या त्या डॉक्टरचं घर, संसार, मुलंबाळं सगळं दवाखान्याच्या गावातच होतं. दर शुक्रवारी संध्याकाळी तो बॅग भरत नव्हता.

पणजीत वैद्यकीय शाळा 1842 पासून होती, पण तेव्हा पणजी म्हणजे परमुलूख. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, पुढं त्या शाळेचं झालेलं महाविद्यालय बांबोळीला गेलं आणि सीमेवरच्या बांद्याच्या पलीकडची वाट रुळली. अपघात, मेंदूतला रक्तस्राव, अडलेली बाळंतीण, सगळ्यांना त्याच रस्त्यानं. 2018 च्या जानेवारीत गोवा सरकारनं बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा आमच्या जिल्ह्यात संताप उसळला. मला मात्र तो थोडा उसनाच वाटला. शेजाऱ्यानं इतकी वर्षं ताट वाढलं आणि आपल्या घरात चूल का पेटत नाही, हे विचारायचं राहूनच गेलं.

चूल पेटत नाही, कारण तज्ज्ञ एकटा येऊन भागत नाही. माझ्या चुलतभावाच्या बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा जवळच्या रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ हजर होत्या, शस्त्रक्रियागृह होतं, दिवेही होते. भूलतज्ज्ञ नव्हता. त्या डॉक्टरीणबाई हताशपणे हात पुसत म्हणाल्या, "पोट मी उघडेन हो, पण हिला झोपवणार कोण?" आणि रुग्णवाहिका रात्रीच बांबोळीकडे निघाली. सर्जनला भूलतज्ज्ञ लागतो, दोघांना रक्तपेढी लागते, बाळाला बालरोगतज्ज्ञ लागतो. साखळीतली एक कडी नसली की उरलेल्यांचं शिक्षण पगारापुरतं. केंद्र सरकारच्याच 2021-22 च्या ग्रामीण आरोग्याच्या आकडेवारीत, देशभरच्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत लागणाऱ्या तज्ज्ञांपैकी सुमारे 80 टक्के नाहीतच. एमबीबीएस डॉक्टरांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन भूल द्यायला शिकवण्याची योजना आहे, आणि ती शहाणपणाची आहे. पण तसा तयार झालेला डॉक्टरही पुढं पदव्युत्तर शिक्षणाला निघून जातो. त्याला तरी दोष कसा द्यायचा? सरकारी सेवेच्या बंधपत्रानं माणूस वर्षभर अडकतो, राहत नाही.

आता आमच्याच जिल्ह्यात, ओरोसला, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं आहे. परवा माझी आत्या गुडघे दाखवायला गेली. तपासणारा डॉक्टर तरुण होता, नीट बोलला, क्ष-किरणाचा फोटो उजेडात धरून दाखवला. आत्यानं त्याची पदवी विचारली नाही. विचारलं ते एवढंच, "डागतरांनु, बायको-पोरां हाडल्यात काय?"

"पुण्यालाच आहेत, आजी. मुलाची शाळा तिथं."

बाहेर आल्यावर तिनं चुलतभावाला गोव्याला नेणाऱ्या गाडीवाल्याचा नंबर जपून ठेवायला सांगितलं.