डोंगरीचे १०१ दिवस आणि वाचकांचा विश्वास

बातमीसाठी विश्वास कोणावर ठेवावा, वृत्तपत्रावर की समाजमाध्यमांवरील इन्फ्लुएन्सरवर, असा प्रश्न आज सर्रास विचारला जातो. त्याचा विचार करताना आम्हांला १८८२ सालचे कोल्हापूर प्रकरण महत्त्वाचे वाटते.

‘केसरी’ आणि ‘मराठा’ जानेवारी १८८१ मध्ये सुरू झाले. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा कारभारी माधवराव बर्वे छळ करतात, अशी समजूत त्या काळी दृढ झाली होती. बर्व्यांच्या म्हणून सांगितल्या गेलेल्या काही पत्रांच्या आधारे या दोन्ही वृत्तपत्रांनी त्यांच्यावर कडक टीका केली. बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली आणि ती पत्रे बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी क्षमा मागितली. तरीही जुलै १८८२ मध्ये त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते सुटले, तेव्हा लोकांनी त्यांचे जंगी स्वागत केले.

पुरावा खोटा ठरूनही लोकप्रियता वाढली, ही गोष्ट इतिहासात बहुधा अभिमानाने सांगितली जाते. आम्हांला ती अस्वस्थ करते. जे खरे असावे असे मनाला वाटते, ते सांगणाऱ्यावर लोक प्रेम करतात. आजच्या इन्फ्लुएन्सरचा अनुयायीवर्गही बव्हंशी याच प्रेमावर उभा असतो.

मात्र त्या प्रकरणाला दुसरी बाजूही आहे. १८६७ च्या कायद्याने मुद्रक व प्रकाशकाचे नाव छापणे सक्तीचे केले होते. सरकारचा हेतू अर्थातच पाळत ठेवण्याचा होता. परंतु त्यामुळेच बर्व्यांना दाद मागण्यासाठी ठाऊक असलेले एक दार मिळाले. अब्रूनुकसानीचा कायदा इन्फ्लुएन्सरलाही लागू आहे. पण हातोहात पुढे गेलेल्या चित्रफितीचा मूळ कर्ता सापडेलच, याची शाश्वती नसते.

अर्थात केवळ नाव-पत्ता छापल्याने सचोटी येत नाही. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत ‘पेड न्यूज’चे प्रकार उघडकीस आले, तेव्हा प्रतिष्ठित वृत्तपत्रांची पानेही संशयातून सुटली नाहीत. वृत्तपत्रे गप्प राहिली असता एखाद्या एकट्या माणसाने मोबाइलवरून सत्य समोर आणल्याची उदाहरणेही आहेत.

म्हणून माध्यम कोणते, यापेक्षा पुरावा कोणी तपासला, पैसा कोणाचा आणि चूक झाल्यास उत्तर कोण देणार, हे वाचकाने आधी विचारावे. टिळक-आगरकरांच्या स्वागताला जमलेल्या गर्दीने हे प्रश्न विचारले नव्हते. ते न्यायालयाने विचारले.