दोन पाती, एक बाजारपेठ : देवासच्या इतिहासातील आर्थिक स्पर्धा आणि प्रगती

देवास हे नाव मराठी रसिकाला चामुंडेच्या टेकडीमुळे, कुमार गंधर्वांच्या वास्तव्यामुळे आणि एकाच गावात शेजारी शेजारी नांदलेल्या पवारांच्या दोन राज्यांमुळे परिचित असते. या नगराच्या आर्थिक इतिहासाकडे मात्र आपले लक्ष क्वचितच गेले आहे. वास्तविक आज देशभर ज्या प्रश्नाची चर्चा होते, त्यावर देवासचा गेल्या दोनशे वर्षांचा अनुभव पुष्कळ प्रकाश टाकू शकतो. अनेक भाषा, अनेक धर्म आणि अनेक जाती असलेल्या विकसनशील देशात आर्थिक चढाओढ राष्ट्राच्या उन्नतीला पोषक ठरते की तिच्यामुळे समाज विस्कटतो, हा तो प्रश्न होय. काहींच्या मते स्पर्धा जितकी मोकळी तितकी प्रगती वेगवान. इतरांना भीती वाटते की, मोकळ्या स्पर्धेत पुढे गेलेला समाज अधिक पुढे जातो आणि मागे राहिलेला कायमचा मागे पडतो. दोन्ही मतांत तथ्य आहे. परंतु स्पर्धा कोणत्या व्यवस्थेत चालते, हे पाहिल्यावाचून त्यांपैकी एकाचीही पारख होत नाही.

थोरल्या बाजीरावांच्या काळात माळव्यात आलेल्या तुकोजी आणि जिवाजी पवार या बंधूंनी १७२८च्या सुमारास देवासला आपले ठाणे केले. पुढे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये झाली आणि १८१८मध्ये इंग्रजांशी झालेल्या तहाने ती तशीच कायम राहिली. थोरल्या पातीचे क्षेत्र सुमारे ४४६ चौरस मैल, धाकटीचे ४४० चौरस मैल. दोन्ही राज्यांचे मुलूख एकमेकांत गुंतलेले होते. १९०१च्या शिरगणतीत देवास नगराची वस्ती अवघी पंधरा हजारांच्या आसपास होती. परंतु मुख्य रस्त्याची एक बाजू एका पातीची आणि दुसरी बाजू दुसरीची, दोन्ही बाजूंच्या दिवाबत्तीची आणि पाणीपुरवठ्याची व्यवस्था वेगवेगळी, अशी तेथील स्थिती होती. १८८८मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या मुद्रेची तांब्याची नाणी पाडली गेली, तीही दोन्ही पातींची निरनिराळी.

या प्रकाराचे आज हसू येते. पण अशा व्यवस्थेत दोन कारभार एकमेकांशी स्पर्धा करीत असले, तरी त्या स्पर्धेतून रयतेच्या पदरात काय पडले, हे पाहणे उद्बोधक आहे. दोन राजवाडे, दोन दरबार, दोन कचेऱ्या आणि दोन खजिने यांचा भार एवढ्याशा मुलखावर पडला. मानमरातबाची बरोबरी साधण्यात जी शक्ती खर्ची पडली, ती उत्पादनाकडे वळली नाही. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१मध्ये थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचे खाजगी चिटणीस होते. १९५३मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द हिल ऑफ देवी’ या त्यांच्या पुस्तकात या दरबाराचे मोठे जिव्हाळ्याचे चित्र आहे. परंतु राज्याची आर्थिक स्थिती पुढे इतकी बिघडली की, १९३०च्या दशकात महाराजांना देवास सोडून पाँडिचेरीचा आश्रय घ्यावा लागला आणि १९३७मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला.

दरबाराकडून बाजाराकडे वळल्यास चित्र अगदी वेगळे दिसते. माळव्याची काळी जमीन अफूला मानवली होती. बंगाल व बिहारमध्ये ईस्ट इंडिया कंपनीने १७७३पासून अफूची मक्तेदारी आपल्या हाती घेतली होती. तेथील शेतकऱ्याला कंपनीखेरीज दुसरा गिऱ्हाईक नव्हता. माळव्यात तसे काही नव्हते. खसखशीच्या बोंडांना चिरा देऊन चीक गोळा करणारा शेतकरी, त्याला अगाऊ रक्कम देणारा गावचा सावकार, इंदूर-उज्जैनचे मारवाडी आणि गुजराती पेढीवाले, मुंबईचे पारशी जहाजमालक, वाटेवर जकात घेणारे लहानमोठे संस्थानिक आणि दमणचे पोर्तुगीज अधिकारी अशी ही साखळी थेट चीनच्या किनाऱ्यापर्यंत पोचत होती. या लोकांची भाषा एक नव्हती आणि धर्मही एक नव्हता. प्रत्येकजण आपल्या नफ्यावर डोळा ठेवून होता. तरीही हुंडी, आडत आणि शब्द यांवर एवढा प्रचंड व्यवहार बिनबोभाट चालत असे.

माळव्याची अफू चीनच्या बाजारात बंगालच्या अफूला शह देऊ लागली, तेव्हा १८१८नंतर कंपनीने ती सगळी स्वतः खरेदी करण्याचा आणि संस्थानिकांशी करार करून इतरांचा व्यापार बंद पाडण्याचा खटाटोप केला. तो साफ फसला. माल राजपुतान्यातून, वाळवंट ओलांडून कराचीला आणि तेथून समुद्रमार्गे दमणला जाऊ लागला. अखेर १८३१मध्ये कंपनीने हार मानली आणि दर पेटीस १७५ रुपये घेऊन मुंबईमार्गे निर्यातीचे परवाने देण्यास सुरुवात केली. व्यापारी तरीही वळेनात म्हणून १८३५मध्ये हा दर १२५ रुपयांवर आणावा लागला. जगातील एका बलाढ्य मक्तेदाराला माळव्याच्या बहुभाषी बाजाराने दर उतरवायला लावला, ही गोष्ट सामान्य नव्हे. मात्र १८४३मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला, कराचीची वाट बंद झाली आणि लगेच दर २०० रुपये झाला. १८४५मध्ये ३००, १८४७मध्ये ४००, तर १८६१पर्यंत ७०० रुपये. पर्यायी वाट असेतोवर स्पर्धेला धार होती. ती वाट गेली आणि नफ्याचा मोठा हिस्सा सरकारी तिजोरीत वळला.

या व्यापाराचे गुणगान करताना दोन गोष्टी विसरून चालणार नाही. पहिली अशी की, हा माल विष होता आणि त्याची किंमत चिनी जनतेने मोजली. दुसरी अशी की, या संपत्तीतून मुंबईच्या पेढ्या, गोद्या आणि गिरण्या यांना भांडवल मिळाले. माळव्यात इंदूरला त्याचा काही अंश गिरण्यांत उतरला. सर सेठ हुकुमचंद यांची अफूच्या व्यापारातील मिळकत आणि पुढील गिरणी-उद्योग हे त्याचे ठळक उदाहरण. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी १८६०च्या दशकात स्वतः गिरणी उभारण्यास आरंभ केला आणि खांडवा-इंदूर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोट रुपये कर्जाऊ दिले. आग्रा-मुंबई या मोठ्या रस्त्यावर वसलेल्या देवासला अशी झेप घेता आली नाही. व्यापार दारावरून गेला, परंतु दोन पातींत वाटलेल्या या गावात भांडवल थांबले नाही.

येथे आपल्या समाजाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. माळव्यातील मराठी माणसे प्रामुख्याने सरदार, कारभारी, कारकून, शिक्षक, वैद्य आणि पुरोहित या नात्यांनी आली. दरबारात मराठी, बाजारात माळवी अशी भाषेची वाटणी झाली आणि तीच कामाचीही वाटणी ठरली. नेमणूक, इनाम आणि पगार यांची शाश्वती असताना व्यापाराची जोखीम पत्करण्याचे कारणच नव्हते. पुढे २८ मे १९४८ रोजी मध्यभारताची स्थापना झाली आणि दोन्ही पाती त्यात विलीन झाल्या, तेव्हा ही शाश्वती एकाएकी संपली. १९५६मध्ये मध्य प्रदेश राज्य झाल्यावर राजधानीही भोपाळला गेली. अनेक घराण्यांना त्या काळी ओढग्रस्तीचे दिवस पाहावे लागले. यावरून ‘मराठी माणसाच्या रक्तातच धंदा नाही’ असा निष्कर्ष काढण्याची आपल्याकडे सवय आहे. ती टाकून दिलेली बरी. १९१०मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधसारख्या लहानशा संस्थानात, कुंडलजवळच्या माळरानावर नांगरांचा कारखाना उभारला. त्याला औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी जागा आणि पाठबळ दिले. माणसे मराठीच, संस्थानही देवासच्याच मापाचे. राज्यकर्त्याने उत्पादक श्रमाला प्रतिष्ठा दिली, एवढाच फरक होता. त्याच किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना पुढे देवासलाही आला, हा इतिहासातील एक गोड योग म्हटला पाहिजे.

स्वातंत्र्योत्तर काळात देवासचे रूप पालटले ते मुळात कारभार एक झाल्यामुळे. एक कायदा, एक जकात-व्यवस्था, मोठा रस्ता आणि नंतर आलेला रुंदमापी लोहमार्ग यांच्या आधारावर येथे गजरा गिअर्स, टाटांचा चामड्याचा उद्योग, औषधांचे कारखाने उभे राहिले. १९७०च्या दशकाच्या मध्यास बँक नोट मुद्रणालय सुरू झाले. ज्या गावात एकेकाळी दोन राजांची दोन नाणी चालत, तेथे सबंध राष्ट्राच्या नोटा छापल्या जाऊ लागल्या! देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले तंत्रज्ञ आणि माळव्याच्या खेड्यांतील कामगार एकाच पाळीत काम करू लागले. नोकरीसाठी चुरस होती, प्रांतीय कुरबुरीही झाल्या असतील. परंतु यंत्रावरचे कौशल्य जातीवरून ठरत नाही, हा धडा कारखान्यांनी दिला. शेजारच्या धार जिल्ह्यात, पवारांच्याच दुसऱ्या शाखेच्या मुलखात, १९८०च्या दशकात पीथमपूरची वाहन-उद्योगनगरी वाढली ती याच मार्गाने.

परंतु स्पर्धेची मर्यादाही देवासनेच दाखवून दिली. कारखाने वाढले, वस्ती वाढली, गहू आणि सोयाबीनच्या शेतीसाठी कूपनलिका खोल खोल जाऊ लागल्या. शेजाऱ्याची नलिका दोनशे फूट असेल तर आपली तीनशे, ही चढाओढ प्रत्येकाला व्यक्तिशः शहाणपणाची वाटत होती आणि सर्वांना मिळून तहानेकडे नेत होती. १९९०मध्ये देवासला इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाणी, हवा आणि जमिनीचा कस या सामाईक ठेवी आहेत. त्यांच्याबाबत जो अधिक उपसतो तो जिंकतो, असा नियम राहिला तर अखेर सगळेच हरतात. सुदैवाने उपायही येथेच सापडला. २००६पासून तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या प्रेरणेने शेतकऱ्यांनी आपल्याच जमिनीचा लहानसा भाग सोडून, बहुतांशी स्वतःच्या पैशाने व कर्ज काढून तळी खोदली. ‘रेवासागर’ नावाने ओळखली जाणारी अशी हजारो तळी जिल्ह्यात झाली. एकाचे तळे पाहून दुसऱ्याने खोदले. म्हणजे चढाओढ येथेही होतीच. फक्त ती पाणी उपसण्याऐवजी साठविण्याची होती.

या सर्व वृत्तान्तावरून एक गोष्ट निश्चित म्हणता येईल. समाज बहुविध असणे ही स्पर्धेतील अडचण नाही. माळव्याच्या व्यापाराने ते दोनशे वर्षांपूर्वीच सिद्ध केले आहे. अडचण उत्पन्न होते ती नियम सर्वांना सारखे नसतात तेव्हा, मानासाठी केलेला खर्च प्रगती समजला जातो तेव्हा आणि सामाईक ठेव खाजगी मालमत्तेसारखी उपसली जाते तेव्हा. आपल्या ग्रंथालयाच्या शताब्दीप्रसंगी हा विचार अप्रस्तुत ठरू नये. ग्रंथालय हीदेखील एक सामाईक ठेवच आहे. येथील पुस्तक एकाने वाचल्याने दुसऱ्याचे कमी होत नाही, आणि ते वाचून जो पुढे जातो तो कुणाला मागे लोटून जात नाही. संस्थानांच्या नोकऱ्या गेल्यावर माळव्यातील कित्येक मराठी कुटुंबांतील मुलांनी ज्या बळावर नव्या जगात पाय रोवले, ते बळ विद्येचेच होते. आता त्या विद्येला उद्यमाची जोड देणे आणि ती आपल्या भाषेच्या कुंपणाबाहेर शेजारच्या माळवी, हिंदी, उर्दू वाचकापर्यंत पोचविणे, हे पुढील शतकाचे काम आहे.