लस टोचायची, पण सही कोणाची?

समजा, सीवूड्स-दारावे स्टेशनजवळचा एक फ्लॅट. दीड वर्षाचं बाळ. आईच्या हातात माता-बाल संरक्षण कार्ड आहे, ती म्हणतेय, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आजच देऊ. बाबा म्हणतोय, अजिबात नाही, मी व्हिडिओ बघितलाय. कोर्टात गेलं तर कोणाचं चालेल?

आपल्या पणजोबांच्या आधीच्या काळात हा प्रश्नच उठला नसता.

14 जून 1802 ला मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली, भारतातली पहिली. सक्तीचा कायदा मुंबई शहरात 1877 मध्ये आला, आणि 1880 मध्ये नगरपालिकांसाठी वेगळा झाला. या 1880 च्या कायद्यात ‘पेरेंट’ कोण? लग्नातून झालेल्या मुलाचा फक्त बाप! आई मोजायची ती लग्नाबाहेरच्या मुलापुरती. म्हणजे नवरा-बायकोचं भांडण कायद्याला दिसतच नव्हतं. भांडण होतं ते सरकार आणि बापाचं. आधी नोटीस, मग मॅजिस्ट्रेटसमोर खुलासा, तो पटला नाही तर लेखी हुकूम, तोही मोडला तर शिक्षा. आणि हा मॅजिस्ट्रेट शक्यतो हिंदुस्थानी असावा, सरकारचा पगारी नोकर नसावा, असंही लिहून ठेवलेलं. लोक चिडणार हे साहेबाला माहीत होतं की!

बापाचा हा पहिला मान स्वातंत्र्यानंतरही टिकला. 1956 चा हिंदू पालकत्व कायदा म्हणतो, नैसर्गिक पालक बाप, ‘त्याच्यानंतर’ आई. पहिली चीर पाडली ती विदर्भातल्या एका जमिनीच्या खटल्यानं. जिजाबाई गजरे यांचा नवरा वीसेक वर्षं वेगळा राहत होता, मुलीचं सगळं त्याच बघायच्या. 1970 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांनाच पालक मानलं. पुढे लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावानं बॉन्ड घ्यायला अर्ज केला, तर रिझर्व्ह बँकेनं बापाची सही मागितली. नवरा-बायकोचं एकमत असताना, बरं का! 1999 मध्ये कोर्टानं ‘नंतर’चा अर्थ बदलला: बाप मेल्यावरच असं नाही, तो लक्ष घालत नसेल तरीही.

पण सीवूड्सचा बाबा लक्ष घालतोय, तेच तर दुखणं आहे. इथे 1890 चा पालक आणि पाल्य कायदा कामी येतो. कोर्ट बघतं मुलाचं कल्याण: डॉक्टर काय सांगतात, बाळाला काही त्रास आहे का, विरोधाला आधार काय. व्हिडिओ हा आधार टिकणं अवघडच. दुसरा डोस मात्र 16 ते 24 महिन्यांच्या आत द्यायचा असतो. त्यामुळे अशा अर्जात अंतरिम आदेश आधी मागावा लागतो.