बिल्ला, डाग आणि भरपाई

ऑक्टोबर २०१३ च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेतल्या पश्चिम साउथ डकोटातली गुरं अजून उन्हाळी कुरणांवरच होती. अंगावर थंडीचे दाट केस आले नव्हते. आधी पावसानं त्यांना चिंब केलं, मग सोसाट्याचा वारा आणि बर्फ. वाऱ्याकडे पाठ करून कळपच्या कळप चालत सुटले, कुंपणं ओलांडून मैलोगणती भरकटले, घळींत आणि ओढ्यांत अडकून मेले. ‘अ‍ॅटलस’ नावाच्या या वादळात हजारो जनावरं दगावली. काही अंदाज तीस हजारांच्या घरात जातात. पेनिंग्टन काउंटीत ती पुरायला मोठे खड्डे खणावे लागले.

दाद मागायला दारच उघडं नव्हतं. अर्थसंकल्पाच्या भांडणात १ ऑक्टोबरपासून केंद्र सरकारचं कामकाज ठप्प होतं आणि काउंटीतल्या कृषी कार्यालयांना कुलूप. ती उघडी असती तरी उपयोग नव्हता, कारण मेलेल्या गुरांची भरपाई देणारी योजना २०११ मध्येच मुदत संपून बंद पडली होती.

तरी पुरावा जपून ठेवा, असं सगळीकडून सांगितलं जात होतं. मग बर्फ वितळेल तसे पशुपालक स्वतःच पंचनामा करत फिरले. कानातला बिल्ला, अंगावरचा डाग, जनावर पडलं ती जागा, सगळ्याचे फोटो. ज्या गाईंची वेतं आपल्या हातानं केली, त्यांचीच ही मोजणी होती.

संकटातल्या अशा सरकारी मदतीला अमेरिकेत एके काळी तत्त्वतःच विरोध होता. १८८६-८७ च्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या माळरानांवर गुरांचा फडशा पडला. डकोटात गुरं पाळणारे थिओडोर रुझवेल्टही त्यात पोळले. त्याच हिवाळ्यात टेक्ससच्या दुष्काळी शेतकऱ्यांना बियाण्यासाठी १०,००० डॉलर देणारं विधेयक राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी नाकारलं. संविधानात अशा खर्चाला आधार नाही, हे त्यांचं म्हणणं.

१९३४ च्या दुष्काळानं ते म्हणणं मोडीत काढलं. सरकारनं दुष्काळी काउंटींतून सुमारे ८३ लाख गुरं विकत घेतली. दोन वर्षांवरच्या जनावराला १२ ते २० डॉलर मिळत. त्यातले ६ डॉलर थेट मालकाचे; गहाणदार बँकेचा हक्क उरलेल्या रकमेवरच. या तरतुदीमागे कर्जात बुडालेलं घर नीट पाहिलेलं कुणीतरी होतं, हे नक्की. खाण्याजोग्या गुरांचं मांस गरजू कुटुंबांना वाटलं गेलं, फारच खंगलेली जागेवरच गोळी घालून पुरली.

पुढे गाडी दुसऱ्या टोकाला गेली. २००२-०३ च्या एका योजनेत काउंटी आपद्ग्रस्त जाहीर झाली की पुरे, गुरामागे पैसे मिळत. कोलंबिया अंतराळयानाचे अवशेष पडले म्हणून जाहीर झालेली टेक्ससमधली आपत्तीही त्यात बसली! अशा खिरापतीनं पुढच्या खऱ्या संकटग्रस्ताकडे संशयानं पाहिलं जातं, आणि हे मोठंच पाप.

७ फेब्रुवारी २०१४ च्या कृषी कायद्यानं २०११ मध्ये बंद पडलेली भरपाईची योजना कायमची केली आणि १ ऑक्टोबर २०११ पासून मागे लागू केली. बाजारभावाच्या ७५ टक्के, तेही नेहमीच्या मरतुकीपेक्षा जास्त मेलेल्या जनावरांपुरते. ‘अ‍ॅटलस’नंतर काढून ठेवलेले फोटो तेव्हा कामी आले. गाभण गाईच्या पोटातलं वासरू मात्र हिशेबात नव्हतं. त्यासाठी जादा रकमेची तरतूद थेट २०२५ च्या कायद्यात झाली.