पाव आण्याचे चित्र

कार्ड वाचण्यापूर्वीच ते काय सांगते आहे हे ओळखण्याची आमच्या घरांना एके काळी सवय होती. कोपऱ्यास हळदकुंकवाची बोटे लागलेली दिसली की मंगलवार्ता समजावी. कोपरा फाडलेला दिसला की हातातले काम तसेच टाकून वडीलधाऱ्यांनी ओसरीवर यावे. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही ही भाषा येत असे. कार्डाने शब्दांवाचून बोलावे, ही रीत आम्हांस परकी नव्हती.

कार्ड मात्र बाहेरून आले. पहिले सरकारी कार्ड 1 ऑक्टोबर 1869 रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत निघाले आणि 1 जुलै 1879 पासून ते हिंदुस्थानात मिळू लागले. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. लिफाफ्यातील पत्रास अर्धा आणा पडे. एक बाजू पत्त्यासाठी राखलेली, दुसरी मजकुरासाठी. गरिबाला परवडेल असा निरोप प्रथमच देशभर फिरू लागला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी छापील चित्रकार्डांचा सुकाळ झाला. मुंबईचे चित्रकार धुरंधर यांची चित्रेही अशा कार्डांवरून दूरदूर गेली. परंतु ही चित्रे एकाने काढलेली आणि हजारांसाठी छापलेली. एकाने एकासाठी काढलेल्या चित्राची गोष्ट निराळी. ती पाहावयाची तर शांतिनिकेतनाकडे वळले पाहिजे.

तेथील कलाभवन 1919 साली सुरू झाले. नंदलाल बसू यांनी ते वाढविले आणि 1951 मध्ये निवृत्त होईपर्यंत सांभाळले. नंदलालांची मोठी कामे आपल्या भागाला अपरिचित नाहीत. 1936 साली खानदेशातील फैजपूर येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट त्यांची होती. 1938 च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी कष्टकरी माणसांची चित्रे रंगविली. बडोद्याच्या कीर्तिमंदिरातील भिंतींवर 1939 ते 1946 या काळात त्यांनी गंगावतरण, मीराबाई आणि महाभारत यांतील प्रसंग उभे केले. बडोदेकर मराठी मंडळींना त्या भिंती ठाऊक आहेतच.

पण इतक्या प्रचंड भिंती पेलणारा तोच हात आयुष्यभर साध्या कार्डावरही चालत होता. विद्यार्थ्यांना, आप्तांना, स्नेह्यांना ते कार्डे पाठवीत, आणि त्यांवर शाईच्या कुंचल्याने चार-सहा रेषांत एखादी शेळी, वाऱ्यात वाकलेले झाड किंवा वाटेने जाणारी संथाळ बाई उमटलेली असे. 1924 साली रवींद्रनाथांबरोबर ते चीन-जपानला जाऊन आले होते. थोड्या फटकाऱ्यांत पुष्कळ सांगणारी तिकडची रीत त्यांनी जवळून पाहिली होती. मुलांच्या डोळ्यांना काय कळते, हेही ते जाणत. रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या 1930 मधील बालवाचनमालेस त्यांचीच चित्रे आहेत.

या कार्डांचे महत्त्व आम्हांस एका साध्या गोष्टीत दिसते. आमच्या घरांत वाचून झालेली कार्डे तारेत ओवून ठेवीत. ताकाच्या, तांदळाच्या, येण्याजाण्याच्या निरोपांची ती तार वर्षभरात भरून जाई आणि पुढे बंबात जाई. नंदलालांची कार्डे कोणी तारेत ओवली नाहीत. ज्यांना आली त्यांनी ती जपून ठेवली, म्हणूनच ती आज पाहावयास मिळतात. एका पैशाचा कागद कोणीतरी आपल्यासाठी हाताने सजविला, एवढ्यानेच त्याला भोक पाडण्याचे धैर्य कोणास झाले नाही.

मुलांच्या चित्रकलेविषयी आम्ही फार बोलतो. पण मुलाचे चित्र बहुधा गुणांसाठी असते, स्पर्धेसाठी असते, नाहीतर भिंतीसाठी असते. त्याला पत्ता नसतो. गेल्या उन्हाळ्यात घरातल्या मुलांना घेऊन आम्ही कार्डे करावयास बसलो. जाड कागद सरकारी कार्डाच्या मापाने, चौदा बाय नऊ सेंटिमीटर, कापला. एक बाजू पत्त्यासाठी कोरी राखली. नंदलाल उतारवयात कागदाचे कपटे फाडून, चिकटवून चित्रे करीत असत. ती युक्ती मुलांना फार आवडली, कारण तीत रेष चुकण्याची भीती नाही. तिकीट किती लागते ते डाकघरात विचारून घेतले.

सर्वांत धाकटीने परगावच्या आजीसाठी मांजर केले. पेटीशी पोहोचल्यावर मात्र तिचा हात थबकला. “हे परत येणार नाही ना?” तिने विचारले. आम्ही खरे तेच सांगितले. क्षणभर मांजराकडे पाहून तिने कार्ड आत सोडले.

ते पोहोचले तेव्हा पाऊस लागला होता. मांजराचा निळा रंग पत्त्याकडे ओघळला होता आणि पाठीवर टपालाचा काळा शिक्का बसला होता. पुढे आम्ही आजीकडे गेलो, तेव्हा ते कार्ड पोथीत होते. आजीने ते धाकटीच्या हाती दिले. तिने उलटसुलट करून पाहिले, शिक्क्यावरून बोट फिरविले आणि पुन्हा पोथीतच ठेवून दिले.