चार बाय आठचं घर

सप्टेंबर १९४७ मध्ये, म्हणजे आपण नुकते कुठे स्वतंत्र झालो होतो तेव्हा, अमेरिकेतल्या 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' मासिकात एका ट्रेलरचा आराखडा छापून आला. दोन माणसांना पुरेल एवढाच ट्रेलर. पुढून गोल, मागे उतरता. कडेने पाहिलं तर आडवा ठेवलेला थेंब. म्हणून त्याला 'टिअरड्रॉप' म्हणतात. कल्पना त्याआधीची, १९३०च्या दशकातल्या मंदीची. दारात मोटार होती, पण हॉटेलचं भाडं परवडत नव्हतं. मग हातोडी-करवत घेऊन लोकांनी अंगणातच झोपायची पेटी बांधली आणि गाडीमागे जोडली.

याचं माप कुणा आर्किटेक्टने ठरवलेलं नाही. ते प्लायवूडच्या ताव्याने ठरवलं: आठ फूट लांब, चार फूट रुंद. आत फक्त गादी. स्वयंपाक बाहेर, मागचं झाकण वर उचललं की खाली ओटा आणि डोक्यावर छप्पर. महायुद्धानंतर उरलेला ॲल्युमिनियमचा पत्रा स्वस्त झाला आणि पेट्यांना चकचकीत अंग आलं.

आजही मेढ्याहून साताऱ्याला जाऊन प्लाय आणावं तर तेच माप मिळतं, आठ बाय चार. मी हा आराखडा आलेखाच्या कागदावर काढला तो इथल्या रस्त्यांसाठी. वेण्णेच्या काठाने केळघरकडे जाणारा घाट, वर कासचं पठार, पलीकडे महाबळेश्वर, जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कडेची रेघ पूर्ण झाली आणि कागदावर जे दिसलं ते अगदी ओळखीचं निघालं. ते इरलं होतं.

जावळीत, तसंच घाटाखाली कोकणात, भातलावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवर इरलं असायचं. बांबूच्या कामट्यांचे दोन थर, मधे पानं. डोक्यावर अडकवलं की कमरेपर्यंत पाठ झाकली जायची आणि दोन्ही हात चिखलात मोकळे राहायचे. पाऊस कितीही झोडपो, पाणी गोलाईवरून घसरून मागे पडायचं. प्लॅस्टिकच्या कागदाने इरलं मागे टाकलं, पण वाऱ्यापावसाला पाठ कशी द्यायची हे त्या आकारात नेमकं बसलेलं होतं. टिअरड्रॉपची गोलाई मोटारीच्या वेगात हवा कापायला उपयोगी पडते. इरलं तर एका जागी उभं राहून हेच काम करायचं.

चाकांचा इतिहासही आपल्याकडे आहे. सारवट गाडी आठवा; जुन्या फोटोंत, चित्रपटांत पाहिली असेल. बैलगाडीवर वाकवलेल्या कमानी, त्यांवर तट्ट्या किंवा जाड कापड, आत कडबा अंथरून वर गोधडी. पालच्या खंडोबाला निघालेलं बिऱ्हाड रात्री वाटेतच थांबायचं. बैल चाकाला बांधायचे, गाडीमागे तीन दगडांची चूल मांडायची. झोप आत, चूल मागे. टिअरड्रॉपची मांडणी यापेक्षा फार वेगळी नाही.

त्या गाडीचं चाक म्हणजे गावाचं सामूहिक इंजिनिअरिंग. मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे, कडेचे पुठ्ठे. लाकूड बहुतेकदा बाभळीचं. सुताराचं काम संपलं की लोहाराचं सुरू. लोखंडी धाव चाकापेक्षा किंचित लहान करायची, लालबुंद तापवून चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. धाव आकसते आणि सगळे सांधे आवळून धरते. दोघांना मोबदला धान्यात, बलुत्याने. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली आपल्या पुस्तकाचं नाव 'गावगाडा' ठेवलं, ते उगाच नव्हे.

बैलगाडीने मला आराखड्यातली सर्वांत मोठी गोष्टही शिकवली. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर भार येतो. जाणता गाडीवान पोती पुढे-मागे सरकवून तोल साधतो. ट्रेलरचा हिशोब तोच आहे: एकूण वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडावर हवा. तो कमी पडला तर वेगात ट्रेलर मागे शेपटीसारखा डुलू लागतो. म्हणून पाण्याची टाकी मी मागच्या ओट्याखालून काढून चाकांच्या पुढे घेतली.

इथवर सगळं सुताराचं आणि लोहाराचं. पुढे कायदा येतो. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या दुसऱ्या कलमात 'मोटार वाहन' म्हणजे काय ते सांगितलं आहे आणि त्या व्याख्येत ट्रेलरही घेतला आहे. म्हणजे इंजिन नसलेली माझी लाकडी पेटी जीपला जोडली की मोटार वाहन ठरते. तिला मान्यता हवी, नोंदणी हवी. तीच पेटी बैलांनी ओढली तर ती या कायद्याच्या लेखी मोटार वाहन नाही.

सांगली जिल्ह्यात, यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी देवराष्ट्रे इथे, दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून साठेक हजार रुपयांत छोटी चारचाकी बनवली. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, पण ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल, हेही सांगितलं. तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. गोष्ट गोड आहे. पण बोलेरो मिळाली ती एका घराला. हाताने वाहन घडवणाऱ्या पुढच्या माणसासाठी वाट काही तयार झाली नाही.

सुरक्षेचे नियम हवेतच. घाटात सुटलेला ट्रेलर जीव घेऊ शकतो. मला टोचतं ते वेगळंच. चाकावर राहणाऱ्यांकडे पाहायची आपली नजर माणूस बघून बदलते. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. त्याखाली अनेक फिरस्त्या जमातींवर जन्मानेच गुन्हेगार हा शिक्का बसला, हजेऱ्या लागल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, संशय मात्र गेला नाही. गावाबाहेर पाल ठोकून नांगराचे फाळ घडवणाऱ्या घिसाड्याला 'किती दिवस राहणार?' असं विचारलं जातं. आणि २०२१ मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं; त्यात चाकांवरच्या पर्यटकाला थांबायला सोयीच्या जागा आहेत.

दिवाळीच्या आसपास मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या सातारा-सांगलीच्या कारखान्यांवर उतरतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून किंवा टायरगाडीवरून अख्खा संसार येतो: तट्ट्या, भांडी, पिठाचा डबा, वर झोपलेलं पोर. फडाजवळ बांबू आणि पाचटाची कोपी उभी राहते. आत वाकूनच शिरावं लागतं. त्या कोपीत चार-पाच माणसं पाच-सहा महिने काढतात.

आराखड्याच्या कोऱ्या बाजूला आता मी दुसरी रेघ ओढतोय. कोपीएवढ्या जागेत पाऊस न गळणारं, वारा अडवणारं, हंगाम संपला की घडी करून त्याच ट्रॉलीत बसणारं छप्पर. माप तेच, प्लायचा तावा. तोलाचं गणित गाडीवानाकडून घेतलंय, गोलाई इरल्याकडून. ट्रॉली तर आधीच रस्त्यावर धावते आहे, तेव्हा कायद्यालाही नवं काही मागायचं नाही.