खापरपणजीचं नाव

फसली, म्हणजे महसुली, साल 1286. इसवी सन हवं तर 590 मिळवा: 1876-77. पावसाने दगा दिलाय, दुष्काळ दाराशी आलाय, आणि तुम्ही तुळजापुरात गोमुख तीर्थाच्या ओल्या पायरीवर उभे आहात. राज्य निजामाचं, जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गला.

पुढे चाललेत ते तुमचे खापरपणजोबा. गावाकडे त्यांची थोडी इनाम जमीन आहे. मागून ओटी घेऊन खापरपणजी. दर्शन आटोपून दोघं आपल्या पुजाऱ्यांच्या वाड्यात शिरतात. तुम्हीही शिरा. फडक्यात गुंडाळलेली वही सुटते.

“गाव कोणतं? कुणापैकी तुम्ही?”

खापरपणजोबांनी आपल्या आजोबांचं नाव सांगताच पान निघतं. पानभर आधीच ओढलेल्या रेघांखाली बोरू मोडीत पळू लागतो: बापाचं नाव, भावांची, नुकत्याच झालेल्या मुलाचं. वाकून बघा, शाई अजून ओली आहे. खापरपणजी दोन हातांच्या अंतरावर उभी आहे. तिचं नाव कुणी विचारत नाही. माझा जीव इथेच अडकतो.

आता दोन वर्षं पुढे चला. खापरपणजोबा गेले, मुलगा अजून अज्ञान. जमीन त्याच्या नावावर व्हायची तर विरासत मंजूर व्हायला हवी. कचेरीचा कारभार फारसीत. अर्जासोबत शजरा, म्हणजे वंशवृक्ष, जोडलाय. त्यात नुसते पुरुषच. पण अर्जदार ती आहे! ‘मुसम्मात’, म्हणजे श्रीमती, पुढे तिचं नाव, मग ‘बेवा’, म्हणजे विधवा, आणि नवऱ्याचं नाव. मराठी जबानीखाली तिला सही येत नाही, म्हणून कारकून नावाजवळ एक गोल काढतो: निशाणी बांगडी. बाईची हीच निशाणी; कुणब्याची नांगर. नवरा गेला म्हणून ती कागदावर आली, हे मला सोसत नाही, तरी त्या गोलाचे मी उपकार मानतो.

परत आलात की मृत्यूची नोंद शोधत अडून बसू नका, वारसाची शोधा. इनामांची अशी प्रकरणं पुढे अतियातीत, म्हणजे इनामांच्या चौकशीत, चालली. 1952 साली त्या चौकशीचा कायदाही झाला. मुंतखब, म्हणजे चौकशीच्या निकालाचा कागद, मागा, शजरा मागा, आणि त्यामागचा अर्ज हमखास मागा. मोडी वाचणारा एक आणि फारसी-उर्दू वाचणारा एक, दोघांना सोबत न्या. पुजाऱ्यांकडे गेलात तर नवी नोंद करताना घरातल्या बायकांची नावं आधी सांगा.